कादंबरीत मेलेली मैत्रीण

"मॅडम, त्या पुस्तकात मी मरते का हो?"

फोनवर तरुण बाईचा आवाज होता. मागे शिलाई मशीनची घरघर चालू होती आणि एक लहान मूल सारखं "मम्मी, मम्मी" करत होतं. मी दुसऱ्याच पुस्तकाची प्रुफं तपासत होते. आधी वाटलं, राँग नंबर असेल. मग तिने अश्विनीचं नाव घेतलं, पाठोपाठ गावाचं घेतलं, आणि मी पेन खाली ठेवलं.

"आपण कोण बोलताय?"

"मीच ती. जिचं लग्न थांबवलं ती."

नाशिकमध्ये एका प्रकाशन संस्थेत संपादक म्हणून मी आयुष्यभर काम केलं, नुकतीच निवृत्त झाले. दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की मला तो फोनच आठवतो.

संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणारी बाई, असा बहुतेकांचा समज असतो. तेही मी केलं. पण खरं काम वेगळं. लेखकाला म्हणायचं असतं एक आणि कागदावर उतरतं दुसरंच. त्या दोन्हींमधलं अंतर त्याला न दुखावता दाखवायचं. आणखी एक काम असतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. पुस्तकात जी जिवंत माणसं आलेली असतात त्यांचं काय होईल, याचा घोर लावून घ्यायचा. एका निवृत्त अभियंत्यांनी आत्मचरित्रात सगळ्या सहकाऱ्यांना नावानिशी लाचखोर ठरवलं होतं. मी म्हटलं, "साहेब, नावं काढू या." ते म्हणाले, "नावं काढली तर पुस्तकात उरतं काय?" हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. शेवटी पुस्तक निघालंच नाही. आमच्याकडे चहाला मात्र ते कितीतरी वर्षं येत राहिले, आणि दर वेळी लाचखोरांपैकी कोण वारलं ते सांगत राहिले.

अश्विनीची कादंबरी आली तेव्हा असा हसण्याजोगा काही प्रकार नव्हता. पंचविशीची मुलगी. वडील येवल्याकडे पैठणीच्या मागावर बसणारे, ही नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर. ठेवणीतला ड्रेस घालून आली होती आणि बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. छोटेखानी कादंबरी मात्र तिने अशी लिहिली होती की मी जेवणाची सुट्टी विसरले.

नववी-दहावीतल्या दोन मुली. एका सायकलवरून शाळेत जाणाऱ्या, एका डब्यात जेवणाऱ्या, एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या. कांदा काढणीच्या दिवसांत एकीला शेतावर जावं लागलं की दुसरीही शाळा बुडवणार. त्यातल्या एकीचं लग्न ठरतं. तिला सोळावंही पुरं झालेलं नसतं. हळदीच्या दिवशी दुसरी मुलगी बापाचा मोबाइल घेऊन कांदा साठवायच्या चाळीमागे जाते आणि मुलांच्या मदतीसाठीच्या नंबरावर फोन करते. ग्रामसेवक येतात, अंगणवाडीच्या बाई येतात, पोलीस येतात. मांडव उतरतो.

इथवर कुणालाही आवडेल अशी गोष्ट. शाळांच्या ग्रंथालयांनी प्रती घेतल्या असत्या. पण अश्विनी इथे थांबली नव्हती. फोन करणारी मुलगी पुढे कबूल करते, की कायदा, शिक्षण, तिचं भलं, यातलं काहीही त्या वेळी आपल्या मनात नव्हतं. ती आपल्याला सोडून जाणार, दुसऱ्या कुणाची होणार, हे सहन झालं नाही म्हणून फोन केला. मैत्रिणीला तर तो मुलगा आवडला होता. हिला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच केला.

आमचे प्रकाशक, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, त्यांनी वाचून चष्मा काढला. "ही मैत्रीच आहे ना? का आणखी काही?"

मी अश्विनीला आडून विचारलं. तिने ओढणीचं टोक बोटाला आणखी एक वेढा दिला. मग म्हणाली, "मला माहीत नाही, मॅडम. तेव्हा त्याला नाव नव्हतं. आता मला ठेवायचं नाहीये."

मी आप्पांना सांगितलं, ही पानं अशीच राहतील. ते काळजीत पडले आणि मीही पडले. पण माझी खरी काळजी शेवटच्या प्रकरणाची होती. लग्न मोडल्यावर त्या मैत्रिणीला मामाच्या गावी पाठवतात, शाळा सुटते, आणि शेवटी विहिरीत तिचं प्रेत सापडतं. मला ते मरण उसनं आणल्यासारखं वाटत होतं. बाकीच्या पानांना शेतातल्या मातीचा वास होता, या पानांना नव्हता.

"हे असंच घडलं होतं का?" मी विचारलं.

"नाही. ती मामाकडे गेली, त्यानंतर आमचा संबंध नाही. फोन केले, तिने उचलले नाहीत."

"मग मारलीस कशाला?"

"मॅडम, ती जिवंत राहिली तर कादंबरी संपतच नाही."

मी शेवट तसाच राहू दिला. पुस्तक लेखकाचं असतं. मी गावाचं नाव बदलायला सुचवलं. तिने फक्त मैत्रिणीचं आडनाव बदललं. गाव ठेवलं.

मग आप्पांनी मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. येवल्याकडच्या एका गावातल्या दोन जिवलग मैत्रिणी, भर हळदीत थांबवलेलं लग्न आणि एक मृत्यू, असं त्यात होतं. कुठून कुठून फिरत तो मजकूर तिच्यापर्यंत पोचला. आणि तिने आमचा नंबर लावला.

तिचं खरं नाव मी देणार नाही. तिला मी इथे सुमन म्हणेन; हे नाव तिनेच सुचवलं. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तो तिला वाचून दाखवला आहे. सासरच्या गावाचंही नाव देत नाही. बसने दीड-दोन तासांवर आहे एवढं पुरे.

फोननंतर दोन दिवसांनी ती ऑफिसात आली. ठेंगणी, सावळी, डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. नाशिकला अस्तराचं कापड आणायला जाते असं घरी सांगून आली होती. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"मॅडम, माझ्या सासरी यातलं कायबी माहीत नाय. आधी माझं लग्न ठरलं होतं, पोलीस आले होते, कायच नाय. माझ्या वडलांनी लपवून हे लग्न केलं. आमच्या गावचं नाव वाचलं का कुणीबी वळखंल. माझी नणंद दिवसभर मोबाइल बघती."

"तुम्हाला वाचायचंय का?"

"मला दावाच."

छापण्याआधी हस्तलिखित कुणालाही दाखवायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी बाहेर जिन्यात जाऊन अश्विनीला फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं.

"ती तिथे आहे? आत्ता?"

"हो."

"दाखवा. मी येऊ?"

आत येऊन मी सुमनला विचारलं. "नको," ती म्हणाली. "आधी वाचते."

आप्पांच्या केबिनमध्ये तिला बसवलं. ती ओठ हलवत हळूहळू वाचत होती. मी माझ्या टेबलाशी काम करत असल्याचं सोंग घेतलं होतं, पण एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. ती रडेल, पानं फाडेल, कोर्टाचं नाव काढेल, काहीही होईल असं वाटत होतं. एकदा ती मोठ्याने हसली. दचकून मी उठले, तर सायकलची चेन पडते तो प्रसंग होता. पुढे ते हसू थांबलं. चहा थंड झाला. खालच्या रस्त्यावर शालिमारकडे जाणाऱ्या रिक्षांची गर्दी वाढली. शेवटची बस गाठायची तर तिला उठायला हवं होतं, पण मध्येच थांबवायची माझी हिंमत होईना.

शेवटी तिने पानांचा गठ्ठा नीट जुळवून टेबलावर ठेवला.

"सगळीकडं तीच हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तिचं दुःख, तिचा पस्तावा. मी कुठाय? तिला वाटतं तिनं एक फोन केला अन् माझं वाटोळं झालं. झालं नाय, मॅडम. मी मामाकडं राहून बाहेरून बारावी केली. शिवणकाम शिकले. माझं दुकान हाय, पोरगी हाय. लग्न मोडल्यावर लोक लय बोलले. वडील मला समोर बघत नव्हते. पण मी काय विहिरीत नाय गेले."

"तुम्हाला तो मुलगा आवडला होता?"

"तो मला मोबाइल देतो म्हणला होता. तेवढंच आवडलं होतं." तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "पोलीस गेले त्या रात्री मला लय गाढ झोप लागली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाय. सगळं घर रडत होतं अन् मी झोपले. अन् हे जे तिनं लिहिलंय, तिला माझ्याबद्दल काय काय वाटत होतं ते, हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाय."

"त्याचा राग आला?"

"कळंना मला. घरी जाऊन बघते."

तिला बसपर्यंत सोडायला मी गेले. खिडकीत बसल्यावर ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात तिला बोलवा. मी येते."

तो आठवडा माझा फार वाईट गेला. आप्पा म्हणत होते, छपाईवाल्याकडे कागद येऊन पडलाय, प्रकाशनाची तारीख पाहुण्यांना कळवलीय. पुस्तक थांबवायचं तर एका मुलीचं पहिलं पुस्तक मरतं. काढायचं तर दुसरीचा संसार धोक्यात. रात्री नवरा विचारायचा, कसला विचार करतेस? सांगता येत नव्हतं.

दोघी समोरासमोर आल्या तेव्हा मी मुद्दाम दार उघडं ठेवलं होतं. अश्विनी उभीच राहिली. लॅबमधून थेट आली होती, हाताला स्पिरिटचा वास येत होता.

"सुमे," एवढंच म्हणाली.

"तू मला मारलंस व्हय गं?"

"तसं नाही गं, ते कादंबरीत—"

"कादंबरीत म्हणजे कागदावर. कागदावरच हाय ना सगळं? गाव खरं, सायकल खरी, माझ्या आईच्या हातची बाजरीची भाकर खरी, फक्त मरण खोटं. का मारलंस?"

"तू माझे फोन उचलले नाहीस. किती वेळा केले."

"काय बोलणार होते मी?"

"शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं. मला वाटायचं, तुझं काय झालं असेल, तू कशी असशील. मी रोज…" अश्विनीने ओढणी डोळ्यांना लावली.

सुमनने तिला रडू दिलं, पण जागची उठली नाही. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मेल्यावर माफी मागायला जावं लागत नाय. म्हणून मारलंस."

अश्विनीने टेबलावरचा पानांचा गठ्ठा जवळ ओढला. मी इतकी वर्षं लेखकांना त्यांच्या शेवटच्या प्रकरणाबद्दल काय काय समजावत आले होते. त्या विहिरीच्या पानांमध्ये नेमकं काय खुपतंय ते मलाही धड सांगता आलं नव्हतं.

"मी शेवट बदलते," अश्विनी म्हणाली. "नाहीतर राहू दे. नको छापायला. मॅडम, थांबवा."

"थांबवू नको," सुमन म्हणाली. "आजबी आमच्याकडं पंधरा-सोळाच्या पोरींचे साखरपुडे होतात. माझ्याकडं ब्लाउज शिवायला येतात त्या. माप घेताना कळतं ना, पोर केवढी हाय. छापा. पण गाव बदल, मामाचं बदल, माझ्या भावाचा पाय लंगडा लिहिलाय ते काढ. अन् मी आधी घरी सांगणार. बाहेरून कळायच्या आधी माझ्या तोंडून कळायला पाहिजे. तोवर थांबा."

"किती दिवस?" मी विचारलं.

"सांगितलं का फोन करते."

फोन आला नाही. अश्विनीने शेवटचं प्रकरण नव्याने लिहून आणलं, गावं बदलली, लंगडा भाऊ काढला, तरी फोन नाही. मी लावला तर बंद. अश्विनी दर संध्याकाळी लॅबमधून विचारायची, "काही कळलं?" एकदा म्हणाली, "मॅडम, मी जाऊन येते तिच्या गावी." मी घाबरून ओरडलेच तिच्यावर. "तू गेलीस तर सगळंच उघडं पडेल." आप्पांनी समारंभ पुढे ढकलला आणि माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर नको नको ती चित्रं यायला लागली. त्यातली निम्मी मी वाचलेल्या पुस्तकांतलीच होती हे कळत होतं, पण म्हणून ती यायची थांबत नव्हती.

शेवटी एक ब्लाउजपीस पिशवीत टाकला आणि मीच बस पकडली.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. दारात एक म्हातारी लसूण सोलत बसलेली. ती सासू असणार. सुमनने मला पाहिलं आणि तिचे हात मशीनवर थांबले, पण चेहरा हलला नाही.

"या ताई. काय शिवायचंय?"

"ब्लाउज."

"मापाचा आणलाय?"

"नाही. अंगावरूनच घ्या."

तिने टेप काढला. सासू लसूण सोलता सोलता आमच्याकडे बघत होती.

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"नाशिकच्या. इथे पाहुण्यांकडे आले होते. कुणीतरी सांगितलं, इथली शिलाई चांगली आहे."

"नाशकात शिंपी नाय व्हय?"

मी पिशवीतून ब्लाउजपीस काढायला लागले. सुमनच म्हणाली, "आत्या, त्यांना पैठणीवरचा ब्लाउज पाहिजे. तिकडं शिलाई लय घेतात." मग पाठीवर टेप लावताना, अगदी कानाशी आल्यावर, ओठ न हलवता म्हणाली, "फोन बिघडलाय. अजून सांगितलं नाय." आणि मोठ्याने, "गळा केवढा ठेवू?"

"तुम्हाला ठीक वाटेल तेवढा."

तेवढ्यात मोटारसायकल थांबली आणि तिचा नवरा आत आला. उंच, उन्हात रापलेला माणूस. मला पाहून त्याने मान डोलावली, कोपऱ्यातल्या पोरीला उचलून घेतलं आणि म्हणाला, "काकूंना पाणी दिलं का?" साधासा प्रश्न. पण त्या माणसाला काय कळणार आहे आणि ते कळल्यावर हा आवाज कसा होईल, या विचाराने सुमनने दिलेला पाण्याचा पेला माझ्या हातात हलायला लागला. सुमन वहीत आकडे लिहीत होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"पंधरा दिवसांनी तयार ठेवते," ती म्हणाली. "मीच आणून देईन. नाशिकला यायचंच हाय."

परतीच्या बसमध्ये मी स्वतःवर चिडत राहिले. कशाला गेले मी तिथे? मदत करायला, का माझीच धाकधूक कमी करायला?

सांगितल्याप्रमाणे ती आली, माझ्या घरी. मी आधी तिचा चेहरा बघितला, मग हात, मग परत चेहरा. तिच्या ते लक्षात आलं.

"मारलं-बिरलं नाय, मॅडम. तुम्ही गेलात त्याच राती सांगितलं. तुमचा हात हालताना बघितला अन् वाटलं, ही परकी बाई एवढी भेतीय, मी किती दिवस भिऊ?"

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं होतं. उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला होता. चार दिवस घरात नुसतं 'हो' आणि 'नाही'. मग एकदा तिच्या वडिलांकडे जाऊन आला. त्यांना एवढंच म्हणाला, की पोरीचं लग्न थांबलं होतं यात लपवण्यासारखं काय होतं, तुम्ही आम्हाला एवढं हलकं का समजलात? सासूने मात्र मनात धरून ठेवलं होतं. दुकानाच्या दारात बसायची बंद झाली होती. नणंदेने फोन करून बरंच काही सुनावलं होतं.

"मग छापू नये का?" मी विचारलं.

"छापा. आता झाकायचं काय राहिलं?"

ब्लाउज घालून पाहिला तर दंडात आणि छातीत तंग. ती हसली. "माप देताना श्वास रोखून धरला होता तुम्ही. सोडून देते शिवण." आणि तिथेच मांडीवर ब्लाउज घेऊन उसवायला बसली.

पुस्तक निघालं. फार खपलं असं नाही. एका शाळेने घेतलेल्या प्रती परत पाठवल्या, 'विद्यार्थिनींसाठी योग्य नाही' असं म्हणून. एका मुख्याध्यापिकेने मात्र जास्तीच्या मागवल्या. नव्या शेवटात ती मैत्रीण मामाच्या गावाला जाणाऱ्या एसटीत चढते आणि मागे वळून बघत नाही. पुढे तिचं काय झालं ते सांगणाऱ्या मुलीला ठाऊक नसतं. एका समीक्षकाने शेवट अपुरा असल्याचं लिहिलं. अश्विनी हसली आणि मला म्हणाली, "म्हटलं होतं ना, संपणार नाही."

समारंभाला सुमन आली नाही. महिन्याभराने दोघी माझ्याकडे जेवायला आल्या. मीच बोलावलं होतं. गळाभेट वगैरे काही झालं नाही. शाळेतल्या गणिताच्या सरांची नक्कल झाली, कोण कुठे दिली गेली ते झालं. अश्विनीने सुमनच्या मुलीसाठी रंगपेटी आणली होती. ती पोर फरशीवर पालथी पडून चित्रं काढत होती. मध्येच दोघींचं बोलणं संपायचं आणि मला वाटायचं, आता कुणीतरी उठून जाईल. मी उगाच भात वाढत राहिले.

निघताना सुमन चपला घालत होती. अश्विनी दाराला टेकून उभी होती. ओढणीचं टोक तिच्या बोटाला गच्च गुंडाळलेलं.

"सुमे, अजून राग आहे का गं?"

सुमनने पोरीच्या सँडलचा पट्टा लावला, मग सरळ उभी राहिली.

"हाय," ती म्हणाली. "पण येत जा."